हात मोकळे

माझ्या पडद्यावर चेहरे येत नाहीत.
यंत्रच ते कापून टाकतं, गळ्यापासून वर.
उरतात मांड्या, पट्टा, स्टिअरिंग, हात.
एका रात्रपाळीत साडेचारशे मांड्या.
न्यू साउथ वेल्सच्या हमरस्त्यांवर टांगलेले डोळे
काचेतून खाली वाकून बघतात,
संशय आला की माझ्याकडे पाठवतात,
आणि मी ठरवते: फोन आहे, की नाही.

यंत्र हुशार, पण त्याला भूक ठाऊक नाही.
अर्धं खाल्लेलं सँडविच त्याला फोन वाटतं.
चष्म्याचं घर फोन वाटतं.
एका म्हाताऱ्याच्या मुठीत काळी डबी होती,
मोठी करून पाहिली, तर आत कवळी.
एकदा नुसता एक हात,
बाजूच्या सीटवरून येऊन
त्याच्या गुडघ्यावर विसावलेला.
यंत्राची खात्री: त्र्याण्णव टक्के.
मी ‘नाही’ दाबलं
आणि जरा वेळ पुढचं चित्र उघडलं नाही.

शेजारच्या टेबलावरचा ऑगी म्हणतो,
पकडलेले सगळे एकच लिहून पाठवतात,
‘मी फक्त किती वाजले ते बघत होतो.’
आम्ही हसतो. पहाटेचे तीन वाजलेले असतात.

काही चित्रं चुकून येतात.
दोन्ही हात चाकावर, दहा आणि दोनवर,
फोन आपल्या खाचेत, नियमाप्रमाणे,
पडद्यावर उजेड, कुणाचं तरी नाव.
ओठ हलताहेत का, ते चौकटीच्या बाहेर.
मी ‘नाही’ दाबते. तेच बरोबर आहे.
हात पकडता येतो, हाताला दंड करता येतो;
माणूस गाडीत बसून
कुठल्या घरात शिरलाय, कुठलं कपाट उघडून उभा आहे,
त्याचा फोटो कोण काढणार?

ब्रॅमचे हात चाकावरच होते.
डिसेंबर, कापणीचे दिवस, ट्रकमध्ये गहू,
संध्याकाळ इतकी सपाट की
दोन मैलांवरूनही आगगाडी दिसावी.
तसं अहवालातही लिहिलंय: दृश्यमानता उत्तम.
फोन होल्डरमध्ये. वेग मर्यादेत.
चालकाकडून नियमाचा भंग नाही.

फोन मी केला होता.

आईची शिलाई मशीन कुणी न्यायची, यावरून.
मला नको होती. त्यालाही नको होती.
तरी आम्ही भांडत होतो,
पायडलचा पट्टा कुणी तोडला होता इथपर्यंत मागे जाऊन.
तो म्हणाला, ‘बरं, तूच ने, तूच—’
आणि मला वाटलं, रागानं फोन ठेवला.
मीही मग रागानंच भांडी घासली.
पाऊण तास.

मशीन माझ्याकडे आहे. तिच्यावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते.

लोक विचारतात, मुद्दाम का घेतलीस ही नोकरी?
मुद्दाम नाही. जाहिरात होती, रात्रीचा भत्ता होता.
आणि इथे कुणी मला फोन करत नाही.

आता कुणाशीही बोलताना माझा पहिला प्रश्न एकच,
‘कुठं आहेस?’
गाडीत, असं ऐकलं की मी ठेवून देते.
तुसडी म्हणतात. म्हणोत.
ब्रॅमची लीस्बेथ मात्र बापासारखी हट्टी.
‘हँड्स-फ्री आहे आत्या,’ ती म्हणते,
‘हात मोकळे आहेत माझे.’
माहीत आहे, मी म्हणते. बाजूला घे.

ती सुस्कारा टाकते.
मग इंडिकेटरची टिकटिक,
चाकाखाली खडी,
हँडब्रेक.
इंजिन बंद झाल्यावर मागून पोपटांचा कलकलाट येतो,
तिच्या बाजूचा, गव्हाच्या कोठारांवरचा.

‘हं, थांबले,’ ती म्हणते. ‘बोल. काय झालं?’

काही नाही गं.
विशेष काही नव्हतं.